नाण्यावरचा राजा आणि नाण्यातले सोने

रुआबांध्यात वा भिलाईच्या अन्य भागांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना छत्तीसगढ म्हटले की पोलाद आठवते. रोमच्या सोन्याशीही या प्रदेशाचा संबंध आला होता, हे सहसा ध्यानी येत नाही. बिलासपूर भागातील चकरबेढा येथे रोमन सुवर्णनाणी मिळालेली आहेत.

‘ऑरियस’ हे रोमचे सुवर्णनाणे. एका बाजूस सम्राटाचे मस्तक व बिरुदे, दुसऱ्या बाजूस बहुधा एखादी देवता किंवा विजयाचे चिन्ह. साम्राज्यात हे चित्र म्हणजे शासनाची हमी होती. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने या नाण्याचे वजन घटविले. सम्राटाची मुद्रा कायम राहिली, सोने मात्र कमी झाले.

हद्दीबाहेर त्या मुद्रेचे काय होई? तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियस सापडले. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. कारणाविषयी मतभेद आहेत. नाणे चलनातून बाद करण्यासाठी घाव घातला, असे एक मत. काहीही असो, राजा पुसला गेला तरी सोने जपून ठेवले गेले.

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असा ३५ चा दर कोरला आहे. दान निगमसभेत ऐकविले व फलकावर नोंदविले, असेही तो लेख सांगतो. विनिमयाचा दर आणि दप्तरातील नोंद, दोन्ही लोकांसमोर उघड होते.

पुढे छत्तीसगढात शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची नाणी निघाली. पातळ सुवर्णपत्रा मागून दाबून एकाच बाजूस चित्र उठविलेले : पंख पसरलेला गरुड, शंख, चक्र, खाली राजाचे नाव, विदर्भाच्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दिसते त्याच पेटिकाशीर्षक लिपीत. बस्तरमधील एडेंगा येथील नलवंशीय नाण्यांवर बसलेला नंदी व चंद्रकोर आहे. ती नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अभ्यासून प्रसिद्ध केली. या नाण्यांवर राजाचे नाव आहे, चेहरा नाही.

प्रशासनात चिन्हांचे, शिक्क्यांचे व बोधवाक्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु शिक्का हे केवळ आश्वासन असते. ते पाळले गेले की नाही, हे जनता शेवटी तराजूत घालूनच पाहते.