वाटाड्याचं नाव

मराठीत एक साधा शब्द आहे, वाटाड्या. जकात आणि हमाल हे शब्द अरबीतून निघाले, रस्ता फारसीतून आला आणि तिन्ही इथलेच होऊन गेले. वाटाड्या मात्र पहिल्यापासून घरचा. डोंगरात आपल्या पुढं चार पावलं चालणारा, ‘हितं पाय ठेवा, तिथं निसरडं हाय’ असं सांगणारा माणूस. हल्ली त्याला गाईड म्हणतात. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे, कारण वाटांच्या इतिहासात राजे सापडतात, व्यापारी सापडतात, हा सापडत नाही.

मी बिडकीनचा. आमचं गाव पैठण रस्त्यावर, साधारण मध्यावर. शहराचं औरंगाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलून छत्रपती संभाजीनगर झालं. रस्ता पैठणकडेच जातो. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’. तीत पैठणचं नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. या गावांचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराकडे जातो, असं तो लिहितो.

पैठणचा माल कोकणातल्या बंदरांकडेही जायचा. तिकडं जायचं तर मध्ये सह्याद्रीची भिंत आडवी. ती उतरण्याची एक जुनी वाट म्हणजे जुन्नर तालुक्यातला नाणेघाट. वर घाटघर, खाली मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे. खाली उतरलं की पुढं कल्याण आणि सोपारा. कातळ फोडून, दगड बसवून केलेली ती वाट अजूनही पायाखाली येते. माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान् पिढ्या सांगतात.

तिथल्या लेण्यात सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेलं दान यांची ती यादी. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं मोजून लिहिलेलं. भारतातल्या अंकलेखनाचा इतिहास सांगताना या लेखातल्या आकड्यांचा दाखला देतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वर कोरलेली नावं तेवढी राहिली. जवळच्या पाण्याच्या टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. ते टाकं त्याचं दान. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूचं काम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींची नावं आहेत. परदेशातून आलेल्या यवनांचीही आहेत.

राणी आहे, व्यापारी आहे, कारागीर आहे, परदेशी पाहुणा आहे. ज्यानं पावसाळ्यात निसटलेला दगड पुन्हा बसवला, धुक्यात पुढं होऊन हाक दिली, डोक्यावर ओझं घेऊन कडा उतरला, त्याचं नाव दगडावर आलं नाही. दान देणाऱ्याचं नाव कोरतात. चालणाऱ्याजवळ दान द्यायला काय असणार?

या डोंगरांत राहणारी माणसं म्हणजे मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. उतारावर भात, नाचणी, वरई पिकवायची, रानातून हिरडा गोळा करायचा आणि घाट चढायचा-उतरायचा. वाट माहीत असणं ही त्यांची खरी इस्टेट. तिची ताकद इंग्रजांनी चांगली अनुभवली. अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारी आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध बंड केलं, तेव्हा या कडेकपारींनीच त्यांना आसरा दिला. पुढं ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सरकारी कागदांत अशा माणसांसाठी दरोडेखोर हा शब्द तयारच असायचा. म्हणजे डोंगरातल्या माणसाचं नाव कागदावर आलं, ते बहुधा आरोपी म्हणून.

नाणेघाटातला लेख विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ मध्ये उजेडात आणला. पुढं पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी त्याचा अभ्यास केला. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण साइक्स आला तेव्हा घाट काही हरवलेला नव्हता. लोक तिथून ये-जा करत होते.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात इंका राजांनी बांधलेल्या वाटांचं जाळं आहे, सुमारे तीस हजार किलोमीटरचं. आजच्या सहा देशांत ते पसरलंय आणि २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. पेरू देशातलं माचू पिच्चू हे इंकांचं डोंगरी शहर हिराम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकानं १९११ मध्ये ‘शोधलं’ असं आपण वाचतो. त्याला तिथवर मेल्चोर आर्तेआगा नावाच्या स्थानिक शेतकऱ्यानं नेलं. शेवटचा टप्पा दाखवला एका लहान मुलानं. आणि वर पोचल्यावर त्या प्राचीन पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत शेतकरी कुटुंबं पीक घेत होती! ज्या शहरात लोक शेती करतात, ते हरवलेलं कसं?

त्याच मुलखात आपुरिमाक नदीवर गवताचा एक पूल आहे, केश्वाचाका. आसपासच्या गावांतली केचुआ भाषा बोलणारी माणसं दरवर्षी जमतात, गवताचे दोर वळतात आणि काही दिवसांत नवा पूल बांधतात. महामारीमुळे २०२० मध्ये हे काम झालं नाही आणि २०२१ च्या मार्चमध्ये पूल कोसळला. जूनमध्ये गावांनी तो पुन्हा बांधला. राजे जाऊन पाचशे वर्षं होत आली. पूल टिकलाय तो गावकऱ्यांच्या हातांवर.

माचू पिच्चूकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर चार हजार दोनशे मीटरची खिंड ओलांडावी लागते. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्या वाटेवर परवानाधारक वाटाड्याशिवाय कुणाला जाता येत नाही. दिवसाला पाचशे माणसांची मर्यादा आहे आणि त्या पाचशेत वाटाडे व हमालही मोजलेले असतात. हमालाच्या पाठीवर वीस किलोंहून जास्त ओझं नको, असा कायदा २००१ मध्ये झाला. कायदा झाल्यावरही हमालांना झगडावं लागलं. पण त्यांची पाठ कायद्यात आली, हेही थोडं नाही.

आपल्याकडे २०२१ मध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाट, कळसूबाई, हरिश्चंद्रगड गर्दीनं फुलून जातात. बारी, पाचनई, घाटघर इथल्या घरांतून पिठलं-भाकरी मिळते, झोपायला ओसरी मिळते, सोबत वाटाड्याही मिळतो. कुणी दरीत अडकलं की दोर घेऊन धावणाऱ्यांत पहिली असतात ती गावातली पोरं. तरीही खाली उतरल्यावर मजुरीवरून घासाघीस करणारे कमी नाहीत. बुटांच्या किमतीत आपण घासाघीस करत नाही. वाट दाखवणाऱ्याच्या मजुरीत करतो.

पायवाट ही पायांनीच राहते. दोन-चार पावसाळे कुणी चाललं नाही, की गवत आणि कारवी तिला गिळून टाकतात. वाटाड्याचा मुलगा पोटासाठी पुण्या-मुंबईला गेला तर त्याच्याबरोबर पाण्याची जागा जाते, उतरायची खाच जाते, कड्यांची नावं जातात. नकाशावर रेघ राहील, पण धुक्यात हाक कोण देणार?

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी डोंगरात जाल तेव्हा गावातला माणूस सोबत घ्या. ठरलेली मजुरी पूर्ण द्या, त्याच्या पाठीवर आपलं अनावश्यक ओझं देऊ नका. आणि घरी येऊन प्रवासाची हकिगत लिहिलीत, तर शिखराच्या उंचीबरोबर त्याचं नावही लिहा. नागनिकेच्या लेखात ते आलं नाही. आपल्या वहीत यायला काय हरकत आहे?