बॅटिंग ऑर्डरचा प्रोग्रॅम

बेसबॉलमध्ये टीमच्या मुख्य कोचला 'मॅनेजर' म्हणतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं. म्हणजे तिथेही सुटका नाहीच! पण डेव्ही जॉन्सनबद्दल वाचत गेलो आणि हा तर आपल्याच जमातीतला निघाला.

जॉन्सन बाल्टिमोर ओरिओल्सचा सेकंड बेसमन. पिचरच्या मागे, आतल्या वर्तुळात उभं राहून चेंडू उचलायचा आणि क्षणात फेकायचा, हे त्याचं काम. १९६९ ते ७१ सलग तीन वर्षं त्याला उत्तम फिल्डिंगचं गोल्ड ग्लव्ह मिळालं. पण गडी गणिताचा पदवीधर! टीमच्या मालकाची बिअरची कंपनी होती. तिथल्या आयबीएम मशीनवर जॉन्सनने बॅटिंग ऑर्डरचा प्रोग्रॅम चालवला. बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा बॅटिंगला येतात. नऊ जणांचे ३,६२,८८० क्रम होतात (बारावीचं गणित आठवा), त्यातला सर्वांत जास्त रन देणारा कुठला?

उत्तर आलं की जॉन्सनला स्वतःलाच वरच्या नंबरवर पाठवायला हवं. आता हे प्रिंटआउट घेऊन मॅनेजर अर्ल वीव्हरकडे गेल्यावर काय होणार? वीव्हरने ते कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. गंमत म्हणजे वीव्हर स्वतः कुठला बॅट्समन कुठल्या पिचरला कसा खेळतो याची कार्डं ठेवायचा. म्हणजे आकड्यांशी त्याचं वैर नव्हतं. पण न मागितलेला रिपोर्ट, तोही ज्याचा फायदा त्यानेच आणलेला... मी वीव्हर असतो तर मीही तेच केलं असतं.

त्याच १९६९ मध्ये १०९ मॅचेस जिंकलेली ही टीम वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून हरली. शेवटचा आउट झालेला बॅट्समन जॉन्सनच.

पुढे १९७३ मध्ये अटलांटाकडून त्याने ४३ होम रन मारले (आदल्या वर्षी फक्त ५!). मग जपान, मग परत अमेरिका, मग छोट्या लीगमध्ये मॅनेजरगिरी. १९८४ मध्ये तो त्याच मेट्सचा मॅनेजर झाला आणि सोबत घेऊन आला डीबेस टू. आता प्रिंटआउट फेकणारं वर कोणी नव्हतं. १९८३ मध्ये ९४ मॅचेस हरलेली टीम पुढच्याच वर्षी ९० जिंकली, १९८६ मध्ये १०८.

त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच बघाच राव. दहावी इनिंग, बोस्टन दोन रननी पुढे, मेट्सचे दोन आउट आणि बेसवर कुणी नाही. तिथून तीन हिट, एक वाइल्ड पिच, आणि बिल बकनरच्या पायांतून गेलेला चेंडू. जिंकणारा रन रे नाइटचा. डीबेसमध्ये हे कुठल्या फील्डमध्ये टाकणार? मेट्सनी सिरीज घेतली.

एवढं करून १९९० मध्ये त्याला काढलं. सिनसिनाटीच्या मालकीणबाई मार्ज शॉट यांनी १९९५चा सीझन संपायच्या आतच पुढचा मॅनेजर ठरवून टाकला होता (कोण? तोच रे नाइट!). जॉन्सनने तरीही डिव्हिजन जिंकून दिलं आणि गेला. १९९७ मध्ये बाल्टिमोरसाठी ९८ विजय, पण रॉबर्टो अलोमारच्या दंडावरून मालकाशी भांडण. दंडाची रक्कम जॉन्सनची बायको जिथे काम करायची त्या संस्थेला द्यायला सांगितली होती. ज्या दिवशी 'मॅनेजर ऑफ द इयर' जाहीर झालं, त्याच दिवशी याचा राजीनामा!

लोक म्हणतात जॉन्सन काळाच्या पुढे होता. असेल. मला वाटतं टीम त्याला कळायची, वरचे लोक कधीच नाही.

२०१२ मध्ये, ६९व्या वर्षी, वॉशिंग्टनला त्याने ९८ विजय मिळवून दिले. १९३३ नंतर पहिल्यांदाच त्या शहराची टीम पोस्ट-सीझनमध्ये गेली. पण ऑपरेशन झालेल्या हाताला जपायचं म्हणून स्ट्रासबर्ग या हुकमी पिचरला सप्टेंबरमध्येच थांबवायचं, असं वरून ठरलं होतं. या वेळी जॉन्सन भांडला नाही. निर्णय त्यानेच जाहीर केला. पुढच्या महिन्यात सेंट लुईसविरुद्ध निर्णायक मॅचमध्ये ६-० अशी आघाडी असताना टीम ९-७ हरली. स्ट्रासबर्ग बाहेरच होता.

वर्षअखेरीस 'मॅनेजर ऑफ द इयर' पुन्हा जॉन्सनच. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला, ८२ वर्षांचा होता.