सिनेमाचं नाव, पुस्तकाचं नाव

आसगावच्या बचत गटांकडून आज एका पुस्तकाची गोष्ट सांगते.

1959 साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा तमाशापट आला. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो 131 आठवडे चालला. त्यातली बुगडीची लावणी आपल्याकडे आजही लग्नात वाजते. त्यात तमासगिरीण झाल्या होत्या हंसा वाडकर. घर चालवायला त्या लहानपणीच सिनेमात आल्या. 'संत सखू'मधली सखू त्यांचीच.

पुढं त्यांनी आपली कहाणी सांगितली आणि पत्रकार अरुण साधू यांनी ती शब्दांत मांडली. आधी ती 'माणूस'मध्ये छापून आली. 1970 साली राजहंस प्रकाशनानं तिचं पुस्तक केलं. नाव दिलं सिनेमाचंच, 'सांगत्ये ऐका'. नाव तेच, पण अर्थ बदलला. सिनेमात ती दुसऱ्यानं लिहिलेली कथा होती. पुस्तकात बाई स्वतःचं सांगत होती: घरातली भांडणं, दारूचं व्यसन, बिनसलेला संसार. नटीनं इतकं उघड बोलण्याचा तो काळ नव्हता. पुस्तक आल्यावर वर्षभरातच, 1971 साली, त्या गेल्या.

मग या पुस्तकावरून पुन्हा सिनेमा निघाला. 1977 चा, श्याम बेनेगल यांचा हिंदी 'भूमिका'. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पडद्यावरच्या बाईचं नाव हंसा नाही, उषा आहे. कथा पुन्हा दुसऱ्यांच्या हाती गेली. हंसाबाईंचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं तर पुस्तकच उघडावं लागतं.

मला यात आपली ठराव वही दिसते. सांगणारी एक, लिहिणारी दुसरी. सांगणारीला लिहिता येत नाही म्हणून तिचं म्हणणं कमी होत नाही. पण लिहिणारीनं आपल्या सोयीचं लिहिलं, तर अंगठा मात्र तिचाच राहतो. गटातल्या म्हाताऱ्या बायांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापावी, असं माझ्या मनात आहे. त्यासाठी दोन नियम आत्ताच सांगते. लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवायचं आणि ती 'हो' म्हणेल तेवढंच छापायचं. मुखपृष्ठावर नाव मात्र सांगणारीचं, तेही मोठ्या अक्षरात.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या आजीला विचारून या, तिला काय सांगायचं आहे.