भूकंपातून वाचले, पण तंबूत आजारी पडले

6 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे तुर्कस्तान आणि सीरियात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. दोन्ही देशांत मिळून 50 हजारांहून जास्त लोक गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. जे वाचले ते तंबूत, शाळांत, मशिदींत, काही तर आपल्या गाड्यांत राहिले. अशा निवाऱ्यात माणूस कशाने आजारी पडतो, ते इथे देत आहोत.

त्या दिवसांत कडाक्याची थंडी होती. दाटीवाटीत खोकला, ताप, न्यूमोनिया पसरतो. बंद तंबूत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गाडीत रात्रभर बसून झोपणाऱ्यांच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून अधूनमधून उठून चालावं.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. सीरियात कॉलऱ्याची साथ 2022 पासूनच चालू होती, त्यात भूकंप आला. जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने, हे घोटघोट पाजत राहावं. पाणी अपुरं असेल तर वुजूऐवजी तयम्मुमची सवलत आहे. पाणी पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी राखावं.

बायकांचे हाल वेगळेच. संडास लांब, रात्री अंधार. म्हणून त्या पाणीच कमी पितात आणि मग लघवीची जळजळ, संसर्ग सुरू होतो. गरोदर बाईला यात जास्त धोका. लाजेने कोणी बोलत नाही, आणि पुरुषांच्या लक्षातही येत नाही.

खरूज अंगाला अंग लागून पसरते. एकट्या मुलाला मलम लावून भागत नाही. खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावावं लागतं, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवावी लागतात. तंबूत गरम पाणी आणायचं कुठून?

शुगर, बीपीच्या गोळ्या ढिगाऱ्यात राहतात आणि इन्सुलिन ठेवायला फ्रिज नसतो. भूकंपानंतर दीड महिन्यातच रमजान लागला. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या लातूर-उस्मानाबादकडचे लोकही पत्र्याच्या शेडमध्ये राहिले होते. घरातल्यांच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढा आणि दुसऱ्या गावातल्या एखाद्या नातेवाईकालाही पाठवून ठेवा.