प्रश्नचिन्हाखालचा ळ

जून २०१२. दुकानातला संगणक अपडेट करायला आलेला मुलगा खुर्चीवर मांडी घालून बसला होता आणि पडद्यावर पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ‘आंटी, बस आधा घंटा,’ तो म्हणाला. मी त्याला चहा दिला. पट्टी साठ टक्क्यांवर असताना लाइट गेली. कोरब्याची वीज देशभर जाते, पण रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत ती त्या दुपारी पंचवीस मिनिटं नव्हती, आणि यूपीएसची बॅटरी बदलायची बदलायची म्हणून मी दोन वर्षं काढली होती. लाइट आल्यावर मशीन चालू झालं, पण काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ दाखवून तिथेच थांबलं. मुलाने दोनतीनदा चालू-बंद करून पाहिलं आणि मग विचारलं, ‘फॉरमॅट मार दूं? डाटा तो डी में होगा ना?’

मी हो म्हटलं. गिऱ्हाइकांचं सगळं काम खरंच डी ड्राइव्हमध्ये होतं. माझं स्वतःचं मात्र डेस्कटॉपवर होतं, ‘तात्यापारा’ नावाच्या फोल्डरमध्ये, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो हे इतकी वर्षं टायपिंगच्या धंद्यात काढूनही त्या क्षणी मला आठवलं नाही.

त्या फोल्डरमध्ये मी १९९९ पासून लिहीत होते. रोज नाही, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, परीक्षांचे फॉर्म संपले की, पावसात. रायपूरच्या मराठी घरांत बोलले जाणारे शब्द, कोणाच्या घरी काय शिजायचं, गणपतीत कोणाची आरती लांबायची, कोणत्या वाड्याचं काय झालं. आमची मराठी नागपूरकडची, ‘करून राहिली’ म्हणणारी, आणि तिच्यात छत्तीसगढी मुरलेली. तळ्याला आम्ही सर्रास तरिया म्हणतो. उन्हाळ्यात सकाळी बासी खातो, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून, वर कांदा आणि मीठ. संक्रांतीला तिळगूळ आणि पोळ्याला ठेठरी-खुरमी. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे सांगताना आम्ही जरा लाजायचो. म्हणूनच मी ते लिहून ठेवायला घेतलं असावं.

हे लिहायला सुरुवात केली त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९८४ साली, मी बुढापाऱ्यातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकायला गेले. मशीन हिंदीचं, रेमिंग्टन पद्धतीच्या किल्ल्यांचं. त्या रचनेत सगळा विचार कागदावर काय उमटतं याचा. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी मारायची, मग क. कारण वेलांटी डावीकडे दिसते आणि ओळ डावीकडून उजवीकडे उमटत जाते. तोंडाने म्हणताना क आधी, बोटाने मारताना वेलांटी आधी. महिनाभरात बोटं तोंडाचं ऐकेनाशी झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, आता आलं तुला.

त्या मशीनवर ळ होता, शिफ्ट दाबून येणारा. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे बाकीच्या किल्ल्यांवरची अक्षरं पुसट झालेली आणि ती एक किल्ली नवी कोरी. पण आपला ‘ऱ्य’ नव्हता. आमच्या मराठी मंडळाच्या सूचना मी स्टेन्सिलवर टाइप करून द्यायचे. चूक झाली तर लाल द्रावणाचा थेंब लावायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि वरून पुन्हा मारायचं. खोलीभर नेलपॉलिशसारखा वास. एका कोजागिरीच्या हिशेबात मी ‘आचार्यांना दोनशे रुपये’ असं टाइप केलं. द्यायचे होते आचाऱ्यांना, म्हणजे मसाला दूध आटवणाऱ्यांना. मंडळातले एक संस्कृतचे निवृत्त शिक्षक वर्षभर सगळ्यांना विचारत होते, माझे दोनशे कुठे आहेत? तेव्हापासून मी जागा मोकळी सोडायचे आणि ती ऱ्याची चंद्रकोर स्टेन्सिलवर सुईने कोरायचे.

मराठी माणसाने रायपुरात हिंदीच्या खिळ्यांवर भागवावं, हे काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. माधवराव सप्रे आमच्याच तात्यापाऱ्यात राहत. घरची भाषा मराठी, जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. जोडीला रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे, ज्यांच्या नावाचं लाखेनगर रायपुरात आहे. म्हणजे छत्तीसगढातल्या हिंदी पत्रकारितेची पाटी तिघा मराठी माणसांनी लिहिली. मासिक पहिल्या वर्षी रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये छापलं गेलं, नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. डिसेंबर १९०२ नंतर ते बंद पडलं. तोट्यात तीन वर्षं निघालं हेच पुष्कळ. पुढे सप्र्यांनी दासबोध हिंदीत नेला, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं, आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांनी डोळे मिटले.

मला यात आवडतं ते मासिकाचं मरणोत्तर आयुष्य. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची १९०१ मधली छोटी गोष्ट आज हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये मोजली जाते, आणि ती याच मासिकात आली होती. तीन वर्षांत बुडालेलं मासिक, खेड्यातून निघालेलं, तरी अंक राहिले. कोणी बांधणी करून ठेवले असतील, कोणी माळ्यावर टाकून विसरले असतील. भोपाळला १९८४ पासून त्यांच्याच नावाचं जुन्या वृत्तपत्रांचं संग्रहालय आहे. मी टायपिंग शिकायला लागले तेच साल. कागदाला वाळवी लागते हे खरं. पण वाळवी कडेपासून खात येते, मधली पानं पुष्कळदा सोडते. माझ्या फोल्डरला कड नव्हती.

आमच्या धंद्यात संगणक आला तो १९९० च्या आसपासच्या गडबडीत. पुण्यात सीडॅक १९८८ ला सुरू झालं, कानपूरच्या आयआयटीत तयार झालेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे आलं, भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली ठरली आणि १९९१ मध्ये तिला मानकाचा शिक्का मिळाला. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. दुकानात आला तो कृतिदेव. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. रातोरात एवढी कार्यालयं, एवढे अर्ज, एवढी शपथपत्रं, आणि सगळं कृतिदेवमध्ये. आमच्या गल्लीत त्या दोन वर्षांत चार दुकानं उघडली.

कृतिदेव म्हणजे इंग्रजीला घातलेला देवनागरी मुखवटा. मी ‘मराठी’ टाइप केलं की संगणकाच्या पोटात जातं ते ई, जे, के, मोठा बी, एच. फॉन्ट असेल तर पडद्यावर मराठी दिसतं. फॉन्ट काढला की ती पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मशीनला मराठी कधी कळलेलीच नसते. टाइपरायटरवाल्यांना हे फार सोयीचं, कारण किल्ल्या त्याच, वेलांटी आधी मारायची सवय तीच. त्यामुळे युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असूनही, आणि पुढे संगणकाबरोबरच मंगल फॉन्ट येऊ लागला तरी, आम्ही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. बोटांना पुन्हा तोंडाचं ऐकायला लावायचं म्हणजे चाळिशीत डाव्या हाताने जेवायला शिकण्यासारखं.

मराठीसाठी मात्र मी वेगळं पॅकेज घेतलं होतं. त्यात खास मराठी वळणाचा ल होता, श होता आणि ऱ्यसुद्धा होता. मी पहिल्या दिवशी नुसतं ‘सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा’ टाइप करत बसले. त्याचे तक्ते कृतिदेवपेक्षा निराळे. पॅकेज फ्लॉपीवर आलेलं, आणि त्याला कुलूप म्हणून काडेपेटीएवढी एक डबी, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला मागून लावायची. डबी नसेल तर पॅकेज उघडत नाही. २०१२ मध्ये फॉरमॅट झालेल्या मशीनवर ते पॅकेज चढेना, फ्लॉपी वाचता येईना आणि दुसऱ्या मशीनला ती डबी लावायला भोकच नव्हतं.

फोल्डर गेल्याचं मी घरी दोन दिवस सांगितलं नाही. मग मुलाला सांगितलं. तो म्हणाला, ‘आई, तू मामाला पाठवलं होतंस ना काहीतरी?’

पाठवलं होतं. २००३ मध्ये, नागपूरच्या भावाला, ईमेलने, एकतीस फाइली. त्याला त्या वाचता आल्या नव्हत्या, त्याच्याकडे फॉन्ट नव्हता. पण त्याने मेल पुसली नव्हती. माझा भाऊ तसा आळशी आहे. त्या आळसाचे उपकार मी अजून फेडते आहे. २००३ नंतरची नऊ वर्षं गेली ती गेलीच.

एकतीस फाइली उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. आणि मला आजोबांची पेटी आठवली.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मोडीतला एक कागद, दसऱ्याला पूजेत ठेवायचा. छत्तीसगढावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. बिंबाजी भोसले रतनपूरला होते, इंग्रजांनी १८१८ मध्ये कारभार रायपूरला हलवला. तेव्हा आमच्या पूर्वजांना मिळालेली ही सनद, अशी घरातली समजूत. वाचता कोणालाच येत नव्हती. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी उठली, आणि एका पिढीत लिहिणारे वाचणारे संपले. अक्षरं जागच्या जागी, शाई काळीभोर, आणि घरात सहा शिकलेली माणसं त्याच्याकडे नुसती बघत हळदीकुंकू वाहत. शेवटी १९९७ मध्ये नागपूरला एका जाणकारांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोन मिनिटांत वाचला. उसनं घेतलेलं तीन खंडी धान परत न केल्याचा तगादा होता, आमच्याच पूर्वजाला. कागद अजून पूजेत असतो. आई म्हणायची, कर्ज असलं म्हणून काय झालं, नाव तर आपलंच आहे.

तर मी मोडी वाचणाऱ्यासारखी बसले. त्याच पॅकेजमध्ये मी लग्नपत्रिका केल्या होत्या. छापलेले नमुने माझ्या कपाटात होते आणि त्यांच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये. पत्रिका उजवीकडे, भेळ डावीकडे. लग्नपत्रिकेसारखं साधन दुसरं नाही, कारण मजकूर पाठ असतो. ‘श्री गजानन प्रसन्न’पासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत एकेक अक्षर जुळवत तीन आठवड्यांत वहीत तक्ता तयार झाला. मुलाने त्यावरून छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या फेरीत सगळ्या वेलांट्या एक घर डावीकडे पडल्या आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले. ते त्याने सुधारलं.

एक गोष्ट सुधारता आली नाही. अशा फॉन्टमध्ये एकूण २५६ खोल्या. खालच्या १२८ इंग्रजीच्या, त्या सगळीकडे सारख्या. वरच्या मजल्यावर ज्याने त्याने आपापली गर्दी कोंबलेली. त्या जुन्या ईमेलने वाटेत वरचा मजला उडवला आणि तिथल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. आमच्या पॅकेजने ळ आणि ठ दोन्ही वरच्या मजल्यावर ठेवले होते. ऱ्यसुद्धा, पण तो ओळखू येतो.

त्यामुळे माझी फाइल अशी वाचावी लागते: ‘शा?ा सुटली की आम्ही बु?्या तरियाच्या का?ावर’. शाळा, बुढ्या, काठावर. ढ पण गेला होता तर. एकदा सवय झाली की प्रश्नचिन्ह दिसेनासं होतं, डोळा आपोआप भरतो. ‘?े?री’ला तर मी हसले. ‘का? आला’ इथे पाच मिनिटं अडले; तो काळ होता, आजोबांच्या मृत्यूबद्दल लिहिलेला. दोन महिन्यांत सगळ्या एकतीस फाइली भरून झाल्या. आता त्या युनिकोडमध्ये आहेत आणि कागदावर छापून, दोन प्रतींत, एक भावाकडे.

सगळ्या म्हणजे एक जागा सोडून. अठ्ठाविसाव्या फाइलीत आत्याने सांगितलेली आठवण आहे. बेचाळीसच्या चळवळीत घरावर झडती येणार असं कळलं तेव्हा आजोबांनी काही कागद डब्यात घालून ‘को?्यात पुरले’, आणि नंतर ते काढायचे राहून गेले.

छत्तीसगढीत कोठा म्हणजे गुरांचा गोठा. आणि कोला म्हणजे घरामागची बारी, जिथे भाजी लावतात. आमच्या घरात बायका त्याला ळ लावून कोळा म्हणत. दोन्ही होते आमच्या जुन्या वाड्यात, गोठा उत्तरेला आणि कोळा विहिरीपलीकडे. मी काय टाइप केलं होतं ते मला आठवत नाही. आत्या २००९ मध्ये गेली. वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे, आणि गोठा आणि कोळा, दोन्हींवर मिळून तिचं पार्किंग आलं आहे. फरसबंदी सिमेंटची आहे. तिथून जाताना मी एकदा गोठ्याच्या बाजूने चालते, एकदा विहिरीच्या.