तळटीप : ‘गल्ली’

१४. गल्ली : लालबाग-परळच्या गिरणगावात गल्ली म्हणजे नुसता रस्ता नव्हे. १० बाय १२च्या खोलीत न मावणारा संसार बाहेर जिथे पसरे, ती ही जागा. उन्हाळ्यात पुरुषमाणसं इथेच झोपत. गणपतीचा मांडव, भजन, नाटकाची तालीम आणि युनियनची सभाही इथेच. गिरणीच्या पहाटेच्या भोंग्यावर गल्ली जागी होई. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८नुसार विकासासाठी निघालेल्या गिरणी-जमिनीची साधारण तीन भागांत वाटणी व्हायची होती : पालिकेच्या मोकळ्या जागा, म्हाडाची घरे आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन वगळली गेली, आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य धरली. माझ्या मते गिरणगावाचे सर्वांत मोठे नुकसान या एका फरकाने केले.

चाळींच्या जागी त्याच नियमावलीतील पुनर्विकासाच्या नियम ३३(७)खाली टॉवर आले. रहिवाशांना स्वतंत्र संडास, नळ आणि मालकीचे घर मिळाले. ही सोय लहान नाही, तिचे मोल सार्वजनिक नळावर रांग लावलेल्या बाईला विचारावे. मात्र तळमजल्यावर पार्किंग आणि रस्त्याकडेला कुंपणाची भिंत आली. मूळ मजकुरात लेखक ‘गॅलरीतून हाक मारली’ म्हणतात, तेव्हा त्यांना टॉवरची नव्हे, चाळीची लाकडी कठड्याची सामाईक गॅलरी अभिप्रेत आहे.