बैलगाडी, अवकाशयान आणि न्यूटन

नववीच्या वर्गात ‘गतीचे नियम’ हा धडा सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पहा. सर्व ग्रहताऱ्यांपासून खूप दूर, मोकळ्या अवकाशात एक यान सरळ रेषेत चालले आहे. त्याचे इंजिन बंद केले. आता यानाचे काय होईल? ‘ते हळूहळू थांबेल’ हे उत्तर वर्गात हमखास येते, आणि हुशार म्हणवणारी मुलेही ते देतात.

या उत्तराला चूक म्हणून खोडून टाकण्यापूर्वी ते कोठून आले ते पाहू. बीड जिल्ह्यातले मूल बैलगाडी पाहत मोठे होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तेव्हा त्यांच्याबरोबर बैलगाड्याही असतात. उसाने भरलेली गाडी बैल ओढतात तोवर चालते. बैल थांबले की गाडी थांबते. ओढ नाही तर गती नाही, हा धडा मुलाने शाळेत येण्यापूर्वीच अनुभवातून शिकलेला असतो. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलचे म्हणणेही जवळजवळ हेच होते. गाडी थांबवणारे घर्षण डोळ्यांना दिसत नाही, बैल मात्र दिसतात. मग श्रेय बैलांना जाते आणि घर्षण सुटून जाते.

या जुन्या अडचणीचा एक नवा इतिहास आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी सापडतो: कळफलक किंवा जॉयस्टिक हाती घेऊन खेळायच्या अवकाशयुद्धाच्या संगणकीय खेळांत. असा खेळ रचणाऱ्याला आरंभीच एक गोष्ट ठरवावी लागते. खेळणाऱ्याने कळ दाबली की यानाचे नेमके काय बदलायचे? कळ दाबलेली असेपर्यंतच यान सरकू द्यायचे, तर ती बैलगाडी झाली. कळ दाबल्यावर यानाच्या वेगात भर घालायची आणि कळ सोडल्यावर तो वेग तसाच ठेवायचा, तर ते न्यूटनचे यान झाले. खेळ रचणाऱ्यांनी वेळोवेळी काय निवडले, ते पाहण्याजोगे आहे.

आरंभ न्यूटनपासून

१९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकासाठी ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. पडद्यावर दोन याने, मध्यभागी एक तारा. कळ दाबली की यानाचे नाक ज्या दिशेला असेल त्या दिशेने वेगात भर पडे. कळ सोडली की यान त्याच वेगाने जात राही. डॅन एडवर्ड्‌सने त्यात ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण घातले. मात्र पाणतीरांवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होत नसे, कारण तेवढी आकडेमोड करण्याइतका वेळ त्या यंत्रापाशी नव्हता. संगणकावरची बटणे दाबून खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली, तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरायच्या वेगळ्या पेट्या तयार केल्या. जॉयस्टिकसारख्या साधनांच्या पूर्वजांत त्यांची गणना करायला हरकत नाही.

त्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही एक संगणक चालू होता. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतातच बांधलेले हे यंत्र १९६० मध्ये कामाला लागले आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफरॅक’ हे नाव मिळाले. आलेख दाखवण्यासाठी त्यालाही ऋणकिरण नळीचा पडदा जोडलेला होता. म्हणजे आकडेमोडीतून पडद्यावर चित्र उमटवण्याची कला तेव्हा आपल्यालाही अवगत होती.

हवेचा शिरकाव

‘स्पेसवॉर’ खेळणारे विज्ञान-तंत्रज्ञानाचे विद्यार्थी होते. खेळ बाजारात आल्यावर चित्र पालटले. १९७१ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आणले. त्यातील यानही जडत्वाने वाहत जाई. सर्वसामान्य माणसाला ते अवघड वाटले. १९७८ सालच्या जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खेळणाऱ्याची तोफ कळ दाबेपर्यंत सरके आणि सोडताच जागीच थांबे. ही शुद्ध बैलगाडी. हा खेळ जगभर गाजला. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्‌स’मध्ये जडत्व परत आले, पण इंजिन बंद केल्यावर यान हळूहळू मंद होऊन थांबे. निर्वात अवकाशात रचनाकारांनी थोडी हवा सोडली होती.

पुढचा टप्पा आपल्या शाळांशी जोडलेला आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये केंब्रिजच्या इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला ‘एलीट’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शालेय संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प आरंभला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांना जो संगणक दिला तो हाच. ३२ किलोबाइट स्मृतीच्या या यंत्रात ‘एलीट’ने ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ सूर्यमाला बसवल्या होत्या. त्यांची यादी साठवलेली नव्हती. फिबोनाचीच्या श्रेणीसारख्या, आधीच्या संख्यांच्या बेरजेतून पुढची संख्या काढणाऱ्या नियमाने ती गरजेप्रमाणे तयार होत असे. एस आणि एक्स या कळांनी यानाचे नाक वरखाली होई, स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी ते कुशीवर वळे, आणि लांब कळ दाबली की चाल वाढे.

पण ‘एलीट’च्या यानाला कमाल चाल होती, आणि नाक वळले की वेगाची दिशाही आपोआप वळे. घर्षण नसलेल्या अवकाशात इंजिनाच्या जोरावर ठरणारी कमाल चाल असण्याचे काही कारण नाही. नाक कोठे आहे याच्याशीही वेगाचा संबंध नाही. यान पाठमोरे होऊनही पूर्वीच्याच दिशेने जात राहील.

जॉयस्टिक विमानाची

असे का झाले? एक कारण चित्रपटाचे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील यानांच्या लढाया जॉर्ज ल्युकस याने दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धांची चित्रफीत समोर ठेवून रचल्या. १९९० च्या ‘विंग कमांडर’मध्ये विमानवाहू नौकेसारखेच अवकाशजहाज आहे. १९९३ चा ‘एक्स-विंग’ करणारे लॉरेन्स हॉलंड आणि एडवर्ड किलहॅम यांच्यापैकी हॉलंडने आधी महायुद्धातील विमानांचेच खेळ केले होते.

दुसरे कारण खुद्द जॉयस्टिकमध्ये दडलेले आहे. ती मुळात विमानाची दांडी. १९८१ च्या आयबीएम पीसीची जॉयस्टिक हा भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला आवडावा असा प्रकार होता. दांडी हलवली की आतला रोध बदले. त्या रोधातून एक धारित्र प्रभारित होई आणि त्याला किती वेळ लागला ते मोजून संगणक दांडीची जागा ओळखे. रोध-धारित्र मंडलाचा धडा तो हाच. कळ एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली. दांडीला ‘थोडे’ आणि ‘जास्त’ कळते.

विमानात दांडी बाजूला केली की विमान कुशीवर वळू लागते, आणि मध्यावर आणली की वळणे थांबते. ते थांबवते हवा. अवकाशात एकदा फिरू लागलेले यान फिरतच राहील. थांबवायचे तर उलट दिशेने झोत सोडावा लागेल. म्हणूनच अपोलो यानात दोन वेगळ्या दांड्या होत्या, एक यान फिरवण्यासाठी आणि दुसरी सरकवण्यासाठी. पहिली दांडी मध्यावर आणली की यानाचा संगणक उलटे झोत सोडून फिरणे थांबवी. जे काम हवा फुकट करते, ते तेथे इंधन खर्चून करावे लागे.

न्यूटन परत आला तेव्हा

१९९३ साली ब्रेबेनने ‘एलीट’चा दुसरा भाग ‘फ्रंटियर’ काढला आणि त्यात न्यूटनचे नियम पाळले. अनेक खेळाडूंना तो कठीण गेला, आणि यात त्यांचा दोष नव्हता. साधे गणित करू. सेकंदाला २० मीटर प्रतिसेकंद एवढे त्वरण असलेले यान १०० सेकंद इंजिन चालवून २ किलोमीटर प्रतिसेकंद वेग गाठते. आता थांबायचे तर यान उलटे करून पुन्हा १०० सेकंद इंजिन चालवायला हवे, आणि तेवढ्यात ते १०० किलोमीटर पुढे गेलेले असेल. अशी दोन याने समोरासमोर आली तर क्षणार्धात एकमेकांना ओलांडून जातात. लढाई अशी होतच नाही. कमाल चाल आणि हवा घालणाऱ्या रचनाकारांनी खेळ म्हणून शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. १९९७ च्या ‘आय-वॉर’ने मधला मार्ग काढला. यान न्यूटनचेच, पण त्यातील संगणक बाजूचे झोत सोडून ते विमानासारखे वळवतो, आणि ही मदत कळ दाबून बंद करता येते.

खेळ म्हणून जे शहाणपणाचे, ते वर्गात मात्र अडचणीचे. बैलगाडीने दिलेल्या समजुतीवर पडदा आणखी एक शिक्का मारतो.

शिकवणारा खेळ

याच साधनाचा उलटा उपयोग करता येईल का? अँड्रिया डिसेसा या संशोधकाने एमआयटीत तो करून पाहिला आणि १९८२ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. पडद्यावर एक ‘कासव’. तीनच आज्ञा: डावीकडे वळ, उजवीकडे वळ, आणि धक्का. धक्का दिला की कासवाच्या वेगात भर पडे. सहावीच्या मुलांनी कासव लक्ष्यावर नेऊन आदळायचे होते. कासव वर चालले आहे, लक्ष्य उजवीकडे आहे. मुले कासव लक्ष्याच्या रेषेत येईपर्यंत थांबत, त्याला उजवीकडे वळवत आणि धक्का देत. कासव उजवीकडे न जाता तिरके निघून जाई! भौतिकशास्त्र शिकलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीनेही आरंभी हीच चाल केली.

वर जाण्याचा वेग ३ आणि उजवीकडचा धक्काही ३, तर कासव ४५ अंशांत तिरके जाणार आणि त्याची चाल ३√२, म्हणजे सुमारे ४.२ होणार. नेमके उजवीकडे न्यायचे तर आधी ३ चा धक्का खाली देऊन जुना वेग पुसायला हवा. हे एकदा हाताने केले की सदिश बेरीज पाठ करावी लागत नाही.

संगणक असलेल्या शाळेत हा खेळ ‘स्क्रॅच’मध्ये एका तासात तयार होतो. आडवा वेग आणि उभा वेग अशी दोन चले घ्यावीत. दर पावलाला ती स्थानात मिळवावीत. बाणाच्या कळेने स्थान न बदलता वेग बदलावा. मग एक ओळ वाढवावी: दर पावलाला वेगाला ०.९ ने गुणा. २० पावलांत वेग मूळच्या १२ टक्क्यांवर येतो. त्या एका ओळीत हवा आहे, रस्ता आहे, गाडीचा आस आहे. ओळ घातली की बैलगाडी, काढली की अवकाशयान.

संगणक नसेल किंवा वीज गेली असेल, तर कॅरमचा बोर्ड पुरेसा आहे. भरपूर पावडर टाकून स्ट्रायकर सावकाश सोडावा आणि तो मध्यावर आला की लाकडी पट्टीने बाजूने हलका टोला द्यावा. समोरच्या कडेवर तो कोठे लागेल, ते मुलांनी आधीच खडूने खुणावून ठेवावे. मग पावडर कमी-जास्त करून एकाच जोराने सोडलेला स्ट्रायकर किती दूर जातो ते मोजावे. पावडर वाढत गेली तर अंतर वाढते. घर्षण पूर्ण नाहीसे झाले तर काय, हे उत्तर मुलांच्याच तोंडून येऊ द्यावे. गॅलिलिओ याच रस्त्याने तेथवर पोचला होता.

शेवटी वरच्या वर्गासाठी एक उदाहरण. ‘एलीट’मधील यान चाल न बदलता काटकोनात वळले. हे खऱ्या अवकाशात घडवायचे असेल, तर यानाला कोणत्या दिशेने आणि त्याच्या वेगाच्या किती पट धक्का द्यावा लागेल? आकृती काढून उत्तर शोधायला सांगावे, आणि मग स्ट्रायकरवर ते पडताळून पहावे.